ॲडम्सचे पंख वगळावेत का?

नमस्कार. ॲडम्स ड्राय फ्लाय, म्हणजे ट्राउट मासा पकडायला गळावर पिसं आणि लव बांधून केलेली, पाण्यावर तरंगणारी नकली माशी, तिच्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही मुद्देसूद टीका केलीत, आभारी आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ही फ्लाय कुठल्याच किड्याची हुबेहूब नक्कल नाही, मासा खालून बघतो, त्यामुळे पंख बांधण्यात फुकट वेळ जातो, आणि 'हॅकल मऊ होतं म्हणून वेढे वाढवले' (हॅकल म्हणजे गळाभोवती गुंडाळायचं पीस), तरी तुमची फ्लाय बुडाली.

पहिलं मान्य, पण तो दोष नव्हे. लेनर्ड हॅलडे यांनी १९२२ साली मिशिगनमध्ये ही फ्लाय बांधली आणि त्यांचे मित्र चार्ल्स ॲडम्स यांनी ती बोर्डमन नदीवर वापरली. मेफ्लाय आणि कॅडिस हे पाण्याजवळचे उडते किडे; राखाडी-तपकिरी मेफ्लायच्या कितीतरी जाती म्हणून ही फ्लाय खपून जाते, कॅडिस म्हणूनसुद्धा. पाण्यावर नेमकं काय उतरलंय ते कळेनासं झालं की मी आधी हीच काढतो.

पंखांबाबत मात्र माझं मत ठामपणे उलट आहे. पाण्याबाहेरचं जग माशाला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतूनच दिसतं. तिच्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आतून आरशासारखा असतो. फ्लाय वाहत येते तेव्हा त्या आरशात पाण्याला टेकलेल्या हॅकलचे ठिपके उमटतात, आणि खिडकीच्या कडेला सगळ्यात आधी डोकावतात ती उभ्या पंखांची टोकं. अंग मागाहून दिसतं. संथ पाण्यातला ट्राउट निरखून बघतो, तिथे पंख हवेतच. खळाळत्या पाण्यात वगळलेत तरी माझी हरकत नाही.

आता बुडण्याचं. गोम त्या वाढवलेल्या वेढ्यांतच आहे. मऊ पीस पाणी पितं. वेढे वाढवून त्याला ताठरपणा येत नाही, भिजणारा माल तेवढा वाढतो. कोंबड्याच्या मानेचं पीस घ्या, कोंबडीचं नको. ते वाकवल्यावर तंतू ताठ उभे राहिले पाहिजेत. देठाकडची लव काढून टाका. तंतूंची लांबी गळाच्या तोंडाच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट असावी. एक पीस तपकिरी, दुसरं काळं-पांढरं पट्टेदार (ग्रिझली). दोन-तीन वेढे पंखांमागे, तेवढेच पुढे. दुसरं पीस फिरवताना किंचित डावी-उजवीकडे हलवत न्या, नाहीतर पहिल्याचे तंतू दाबले जातात, आणि एकदा आडवे झालेले तंतू फ्लायला तोलत नाहीत.

शेपटीही ताठ तंतूंचीच, गळाच्या दांडीइतकी लांब. अंगासाठी मस्क्रॅट या पाण्यात राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्याची लव दोऱ्यावर इतकी विरळ वळा की ती पुरणार नाही असं वाटावं. फ्लोटंट (फ्लाय तरंगती ठेवणारं लेपन) लावायचं ते फ्लाय कोरडी असतानाच.

बांधून झाली की फ्लाय टेबलावर ठेवा. ती हॅकलच्या टोकांवर आणि शेपटीवर उभी राहायला हवी. गळ टेबलावर लोळत असेल तर आधी हॅकलची लांबी तपासा, मग शेपटीचा ताठरपणा.