पांढरी साल दिसली की अर्जुन? असं नसतं हो

गावच्या ग्रुपांवर सध्या रानातली झाडं ओळखायचा एक फॉरवर्ड फिरतोय: पांढरी साल म्हणजे अर्जुन, मगरीच्या पाठीसारखी काळी साल म्हणजे ऐन, खात्री करायची तर एक पान बघा, आणि अर्जुन सापडला की साल काढून काढा प्या, हार्ट एकदम ओके. वाचायला झकास आहे, पण हे डोक्यात धरून संगमेश्वर-चिपळूणकडच्या रानात शिरलात तर हमखास फसाल.

आधी पांढऱ्या सालीचं बघू. आपल्याकडे डोंगरउतारावर पांढरट गुळगुळीत खोड दिसलं तर तो बऱ्याचदा नाना नावाचा वेगळाच वृक्ष असतो. साल दोघांचीही सुटते, नानाचे पातळ कागदी पापुद्रे, अर्जुनाचे मोठे सपाट तुकडे, पण लांबून काय डोंबल कळणार? अर्जुन जास्त करून नदी-वहाळाच्या काठाला, नाहीतर रस्त्याकडेला कोणीतरी लावलेला. त्यापेक्षा पान उलटं करा आणि देठ जिथे पात्याला मिळतो तिथे नख फिरवा, अर्जुनाला तिथे दोन बारीक गाठी लागतात, नानाला त्या नसतातच. आणि खाली फळं पडली असतील तर प्रश्नच मिटला, नानाचं लाकडी बोंड, अर्जुनाच्या फळाला 5 पंख.

मगरीची पाठ जुन्या ऐनाला शोभते, मान्य, चौकोनी खवले पडतातच. पण कोवळ्या ऐनाची साल अजून तशी फुटलेली नसते, आणि किंजळचं खोडही काळपट खरखरीतच, भेगा जरा उथळ एवढंच, त्यात दोघं बहुतेक शेजारीशेजारी. इथेही फळच बघायचं. ऐनाला 5 रुंद पंख, किंजळचं फळ चिमुकलं, 3 पंखांचं, त्यातला एक बाकीच्यांपेक्षा मोठा. दिवाळीनंतर फळांनी लगडलेलं किंजळचं झाड अख्खं तांबूस दिसतं, एसटीतून जातानाही ओळखू येतं.

आता ते "एक पान बघा". कुठलं पान? राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, कवळ (पाल्यासकट फांद्या) तोडतात ती हीच झाडं, ऐन नि किंजळ, आणि तोडलेल्या खोडाला जे धुमारे फुटतात त्यांची पानं एवढी मोठी होतात की वरच्या फांदीच्या पानाशी मेळच लागत नाही. भर उन्हाळ्यात तर ऐन ओकाबोका उभा असतो, तेव्हा पान आणायचं कुठून?

राहिला काढा. आयुर्वेदात अर्जुनाची साल हृदयासाठी सांगितलीय, खरंय, पण तुम्ही उकळताय ती अर्जुनाची आहे कशावरून? ज्यांच्या हार्टच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नादी लागूच नये. आणि कोयती घेऊन निघण्याआधी एक ऐका, पानात तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं ते आतल्या सालीतूनच, खोडाभोवती सालीचा पूर्ण गोल पट्टा सोललात तर उभं झाड वाळतं, मग तो अर्जुन असो नाहीतर बिचारा नाना.