साडेतीन चरणांची वाटणी

आजीचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं आणि घरच्यांनी कविता माझ्या गळ्यात मारली. कुसुमाग्रजांच्या नाशकात राहून ‘मला जमत नाही’ म्हणायची सोय नाही. त्यात आजीचं फर्मान: “माझं कौतुक नको. ते सगळे करतीलच, खोटं. तू आपल्या भांडणांवर लिही.”

भांडण तसं एकच. रविवार कारंजाजवळचा वाडा विकायचा की नाही? बाकीची त्याची पोटभांडणं.

म्हटलं, भुजंगप्रयात घ्यावं. समर्थांनी इथेच टाकळीला तप केलं आणि त्यांचे मनाचे श्लोक, 205च्या 205, याच वृत्तात. लघू-गुरू-गुरू, म्हणजे एक आखूड अक्षर आणि दोन लांब, असं चार वेळा. पहिली ओळ सुखरूप उतरली: ‘विकावा न वाडा म्हणे थोर काका’. पुढे धाकटे काका. त्यांना वाड्याच्या पैशात मुंबईनाक्याला फ्लॅट हवाय. काका-नाका, यमक आयतं! पण ‘मुंबईनाका’ काही ओळीत मावेना. ‘ब’ लघू, त्यानंतर दोनच गुरूंना जागा. इथे ई, ना, का असे तिघे मांडी ठोकून बसलेले. मग फ्लॅट नाशकातल्याच द्वारका चौकात, म्हणजे ‘द्वारकेला’ हलवला. वृत्तात चपखल बसला, पण यमक गेलं. शिवाय काका म्हणाले, “त्या ट्रॅफिकमध्ये मी राहणार नाही.” कवितेतसुद्धा नाही!

शेवटी ओवीला शरण गेलो. तीन चरणांना यमक, चौथा आखूड, त्याला यमकाची सक्ती नाही. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, थोरली काकू वर्षानुवर्षं ओवीतच भांडते आहे. तीन वाक्यं चढत्या सुरात, मग एकदम आखूड: ‘मी बोलत नाही’. ध्रुवपद घरातच होतं.

थोरले म्हणती वाडा ठेवावा,
धाकटे म्हणती भाव काढावा,
आत्या म्हणे आधी चहा द्यावा,
मी बोलत नाही.

अशा बऱ्याच ओव्या झाल्या. कार्यक्रमात दर चौथ्या चरणाला आजी टाळी द्यायची, आणि पुढेपुढे तर पोरंच माझ्याआधी ओरडायला लागली.

मग परीक्षण सुरू झालं. आत्या म्हणाली, “सकाळपासून सगळ्यांचा चहा मी करतेय, आणि कवितेत मागणारी मीच?” थोरल्या काकांना दुसऱ्या चरणाबद्दल तक्रार होती. काकू पदर खोचून उभी राहिली. “तुम्हा तिघांना अख्खा अख्खा चरण, आणि मला तेवढा अर्धा. असू दे. मी बोलत नाही.”

धाकट्या काकांनी घसा खाकरला. “म्हणून सांगतोय, वाटण्या वेळेवर झालेल्या बऱ्या.”