‘कोर्स सांगा, मानसशास्त्र नको’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

विद्यार्थ्यांना सल्ला देण्यावरच्या माझ्या मागच्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपण लिहिलंत, की मराठवाड्यातल्या कॉलेजात 31 वर्षं शिकवताना विद्यार्थी-विकासाचा, म्हणजे कॉलेजच्या वयात मुलं कशी घडत जातात हे सांगणारा, एकही सिद्धान्त आपल्याला लागला नाही. मुलगा कोर्स विचारायला येतो, त्याला कोर्स सांगावा. आणि हार्वर्डच्या मुलांवरून बांधलेल्या पायऱ्या सगळ्यांना लावणं म्हणजे मुलांवर शिक्के मारणं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तिथे आपलं बरोबर आहे. मानसशास्त्राचे अभ्यासक विल्यम पेरी यांनी 1950 च्या दशकात हार्वर्ड आणि त्याच्या जोडीचं मुलींचं कॉलेज रॅडक्लिफ इथल्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली आणि मुलांची विचार करण्याची पद्धत कशी बदलत जाते, याची नऊ टप्प्यांची मांडणी 1970 मध्ये पुस्तकरूपात आणली. तिचा मुख्य आधार मुलग्यांच्या मुलाखती हाच होता. मार्शा बॅक्स्टर मगोल्डा यांनी 1986 मध्ये ओहायोतल्या मायामी विद्यापीठात 101 विद्यार्थ्यांपासून सुरू केलेला याच विषयावरचा अभ्यास मी फार मोलाचा मानते, पण त्यातलेही बहुतेक जण गोरे होते. मी अमेरिकेतल्या ज्या कम्युनिटी कॉलेजात (मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणाऱ्या स्थानिक कॉलेजात) सल्लागार आहे, तिथे रात्रपाळी संपवून थेट वर्गात येणारी माणसं आहेत, दोन-दोन लेकरांच्या आया आहेत. त्यांच्यासारखं त्या मुलाखतींत जवळपास कोणी नव्हतं. म्हणून कुणाच्याही फाइलवर ‘हा अमुक टप्प्यावर’ असं मी लिहीत नाही. कोणी लिहीत असेल तर मी आपल्या बाजूने भांडेन.

मग हे वाचायचंच कशाला? माझ्या हातून झालेली एक चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा आला. घरातला कॉलेजात जाणारा पहिलाच. नर्सिंगला जायचं होतं, पण केमिस्ट्री दोनदा अर्ध्यावर सोडलेली. म्हणाला, “तुम्हीच सांगा, काय घेऊ?” मी त्याच्यापुढे चार पर्याय ठेवले : केमिस्ट्री पुन्हा, आधी गणित पक्कं करणं, तोवर इतर विषय उरकणं, किंवा रेडिओग्राफीकडे वळणं. प्रत्येकाचे फायदे-तोटे सांगितले आणि म्हटलं, निर्णय तुझा. माहिती चोख होती. त्या सत्रात त्याने प्रवेशच घेतला नाही.

पेरी यांची मांडणी मी पदवीच्या वेळी परीक्षेपुरती वाचली होती. या मुलानंतर ती पुन्हा काढली. कॉलेजात नव्याने आलेली पुष्कळ मुलं असं धरून चालतात, की प्रत्येक प्रश्नाला एकच खरं उत्तर असतं आणि ते समोरच्या जाणत्या माणसाला ठाऊक असतं. त्या मुलाने माझ्या तोंडून ‘निर्णय तुझा’ ऐकलं, तेव्हा त्याला स्वातंत्र्य मिळालं नाही. हिलासुद्धा माहीत नाही, किंवा हिला सांगायचं नाही, एवढंच त्याला कळलं. मी मोकळीक दिली असं मला वाटत होतं आणि त्याला मी वाऱ्यावर सोडलं होतं.

पुढच्या सत्रात तो परत आला, हे माझं नशीब. या वेळी दोनच पर्याय ठेवले, माझं मत कारणासकट सांगितलं. मग एक काम दिलं : हाच प्रश्न गणिताच्या प्राध्यापकांना आणि नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या कुणाला तरी विचार, आणि आमची उत्तरं कुठे वेगळी पडतात ते मला येऊन सांग. मानसशास्त्रज्ञ नेव्हिट सॅनफर्ड यांनी 1960 च्या दशकात मांडलेली गोष्ट हीच आहे : आव्हान आणि आधार एकमेकांच्या मापाने द्यायचे. तो आठवड्याने वहीत लिहून घेऊन आला. त्याने निवडलेला पर्याय माझा नव्हता, पण कारणं त्याची स्वतःची होती.

आपला दुसरा मुद्दा माहितीचा. ती आधी, आणि अचूक, यात वादच नाही. कोर्स पुन्हा पुन्हा सोडले तर सरकारी आर्थिक मदत अडचणीत येते, हे न सांगता मी कुणाशी जीवनध्येयाच्या गप्पा मारणार नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ टेरी ओबॅनियन यांनी 1972 मध्ये सल्ल्याचे पाच टप्पे मांडले : आधी जीवनध्येय, मग व्यवसाय, मग अभ्यासक्रम, मग कोर्स, आणि वेळापत्रक सर्वांत शेवटी. मला हा क्रम कागदावरचा वाटतो. माझ्याकडे मुलं वेळापत्रक घेऊन येतात, तिथूनच मागे मागे जावं लागतं.

मुलांच्या निर्णयात घरच्यांचाही वाटा असतो, याबद्दल आपण लिहिलेलं वाचून मला विद्यार्थी-विकासाचे अभ्यासक आर्थर चिकरिंग आठवले. 1969 मध्ये त्यांनी विकासाच्या सात दिशा सांगितल्या, त्यांतली एक ‘स्वायत्तता’. 1993 च्या सुधारित आवृत्तीत लिंडा रायसर यांच्यासोबत त्यांनी ती बदलली : स्वायत्ततेतून परस्परावलंबनाकडे. इथल्या मराठी घरांतले आईवडील मला फोन करतात आणि मुलाच्या परवानगीशिवाय मी त्यांना सहसा काही सांगू शकत नाही, कायदा तसा आहे. पण त्या मुलाला ‘घरच्यांचं ऐकू नकोस’ असं मी कधी म्हणत नाही. घरी कसं बोलशील, हे मात्र आम्ही माझ्या खोलीत बसून ठरवतो.

राहिला 31 वर्षांचा अनुभव. तो आपल्याकडे आहे. माझ्या शेजारच्या खोलीत आलेल्या नव्या सल्लागार मुलीकडे नाही, आणि शेकडो विद्यार्थी तिच्या नावावर आजच आहेत. तिकडे भारतातही नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर-मायनर (मुख्य-दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट हे सगळं पहिल्या वर्षाच्या पोरांसमोर येऊन पडलंय आणि मेंटॉर म्हणून कालच रुजू झालेल्या प्राध्यापकाचं नाव लागलंय. त्याने काय वाचावं? चुकत शिकायला त्यालाही 31 वर्षं लागली, तर मधल्या मुलांचं काय?

आपण ओघात एका मुलाचा उल्लेख केलात. वडिलांना सायन्स हवं होतं, त्याला इतिहास, आणि आपण त्याला रोज संध्याकाळी सोबत चालायला नेलंत. त्या फेऱ्यांत आपण त्याला काय विचारलंत, तेवढं सविस्तर लिहाल का? मला ते शेजारच्या खोलीत वाचून दाखवायचं आहे.