एकादशी आणि पोटॅशियम

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या माझ्या किडन्यांवरून जुंपली आहे. मावशी म्हणते, एकादशी धर, हरिपाठ म्हण, डायलिसिसचं मशीन सुटेल. पुण्यातला भाचा तिला २००६चा अमेरिकी अभ्यास ऐकवतो: बायपास झालेल्यांपैकी आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना पक्कं माहीत होतं, त्यांच्यातच गुंतागुंत जास्त निघाली. पाठोपाठ दाभोलकर, २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा.

राग मावशीचा यायला हवा. येतो भाच्याचा.

मावशीला उत्तर देणं सोपं आहे. बटाटा, रताळं, शेंगदाणे, खजूर, वर शहाळं. उपासाचं ताट म्हणजे नुसतं पोटॅशियम. ते बाहेर टाकणारी किडनीच नाही म्हटल्यावर हृदय बंद पडायला वेळ लागत नाही. आमची डाएटिशियन म्हणाली, साबुदाणा चालेल, दाण्याचा कूट नको. कुटाशिवाय खिचडी! त्यापेक्षा एकादशी मोडलेली बरी.

भाच्याच्या अभ्यासात ऑपरेशननंतरचे ३० दिवस मोजले होते. माझं आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, आणि संपण्याची तारीख नाही. मी हरिपाठ रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने न गाळलेला कचरा, उतरावं म्हणून म्हणतच नाही. त्याच्या लाडक्या कायद्यानेही कीर्तन, भजन, यात्रा यांना हात लावलेला नाही. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणाऱ्याला धरलंय. मी वाचलाय. मशीनवर वेळच वेळ असतो.

इथे इंग्लंडात, लेस्टरला, युनिटमध्ये चॅप्लिन येतो, म्हणजे रुग्णांना धीर द्यायला नेमलेला धर्मसेवक, एनएचएसच्या, इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या पगारावर. बरं करण्याच्या गोष्टी करत नाही, खुर्ची ओढून बसतो, क्रिकेटवर बोलतो. देव न मानणाऱ्यांसाठीही माणूस मिळतो. आपल्याकडे हॉस्पिटलच्या दाराशी गणपती असतो, पण ऐकून घ्यायला पगारी माणूस ठेवावा हे क्वचितच कुणाला सुचतं. अर्थात तिकडे खाटेभोवती नातेवाइकांचीच गर्दी, चॅप्लिनला जागा कुठली? इथे तो बसतो ती खुर्ची एरवी रिकामीच असते.

पुण्यात होतो तेव्हा मीही भाच्यासारखाच बोलायचो. वडील संध्याकाळी हरिपाठ म्हणायला बसले की रेडिओ मोठा करायचो. ज्याच्या रस्त्यावरून दरवर्षी पालखी जाते, त्याला नास्तिक असणं परवडतं. सगळं आयतं कानावर पडत असतं. इथे मी म्हटला नाही तर कुणीच म्हणत नाही. देव आहे की नाही, यावर माझं मत अजून बदललेलं नाही. हे मावशीला सांगू नका.

तिला लिहिलं, एकादशी तू कर, माझ्या वाटची रताळी तूच खा. भाच्याला उत्तर द्यायचं राहिलंय. मशीनवर टायपिंगला एकच हात मोकळा असतो, आणि त्याला एका ओळीत पटत नाही.