माधुरीचे पाय आणि स्वामीजींचा शब्द

परवा कोल्हापूरच्या दसरा चौकात चहा पिताना मित्राशी वाजलं. विषय जुनाच, नांदणीच्या जैन मठाची हत्तीण माधुरी. तो म्हणाला, "स्वामीजी बोलल्यावर डॉक्टरांचं काय घेऊन बसलायस?"

आधीच सांगतो, तिला परत आणा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या मूक पदयात्रेत मी होतो. नांदणीपासून नव्हे, गुडघे साथ देत नाहीत. शिरोलीपासून कलेक्टर ऑफिसपर्यंत. माझं आजोळ जयसिंगपूर. लहानपणी मठात तिला केळं दिलं की सोंडेचा ओला, गरम फुसकारा तळहातावर बसायचा. मी हात चड्डीला पुसायचो. आजी खेकसायची, "पुसू नगंस, देवाचं हाय ते." त्यामुळं कोर्टाच्या आदेशानं ती गुजरातेतल्या वनतारा प्राणी केंद्रात गेली तेव्हा मलाही भरून आलं.

पण तिची पाहणी करणाऱ्या उच्चाधिकार समितीच्या अहवालात तिच्या पायांच्या दुखण्याचा उल्लेख होता. मठाला ते मान्य नव्हतं. आता नखं कुजलीत का, सांधे सुजलेत का, हे कोण सांगणार? जनावरांचा डॉक्टर. पट्टाचार्य, म्हणजे मठाचे प्रमुख स्वामीजी नव्हेत, आमदार नव्हे, मीही नव्हे. टनावारी वजन रोज कडक जमिनीवर पेलायचं तर हत्तीचे पाय बिघडतात, त्याला श्रद्धेची हरकत असायचं कारण नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. तीस वर्षांहून जास्त काळ ज्या माणसांच्या आवाजात ती राहिली, त्यांच्यापासून तिला तोडावं का, हे एक्स-रेत दिसत नाही. तिथं स्वामीजींना बोलवाच. मुंगीलाही जपायला शिकवणाऱ्या धर्माचं म्हणणं ऐकायचं नाही तर कुणाचं? फक्त ते एक म्हणणं म्हणून ऐका, माहुताच्या म्हणण्याशेजारी ठेवून. हायकोर्टानं धार्मिक वापराच्या हक्कापेक्षा हत्तिणीच्या चांगल्या जगण्याला वर ठेवलं, सुप्रीम कोर्टानंही तेच कायम केलं. सरकार जागं झालं ते गर्दी बघून. मग मुंबईत बैठक आणि तिला परत आणायच्या याचिकेत मठासोबत उतरायची घोषणा. गर्दी नसती तर?

आमच्या गावाला हे नवीन नाही म्हणा. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करायला नकार मिळाला तेव्हा, शाहू महाराजांनी राजोपाध्यांचं, म्हणजे राजपुरोहिताचं वतन काढून घेतलं. आणि त्याच महाराजांनी १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे मराठा समाजाच्या स्वतःच्या धर्मगुरूंचं पीठ उभं केलं. धर्मपीठ नको असं ते म्हणाले नाहीत. कारभार पीठाच्या तोंडाकडं बघून चालवला नाही, एवढंच. हे दोन्ही एका दमात सांगणारा पुढारी मला अजून भेटायचाय.

मित्राला मी शेवटी एकच विचारलं. पदयात्रेत एवढी माणसं, एवढं प्रेम. तो अहवाल मराठीत करून कुणी गावात माइकवर वाचला का? मी तरी ऐकला नाही. डॉक्टरनं वाचला असता तर शिव्या खाल्ल्या असत्या. स्वामीजींनी वाचला असता तर अख्खा शिरोळ तालुका मांडी घालून, पाय कसे तपासतात ते ऐकत बसला असता.