डेंग्यू: ताप उतरला म्हणजे धोका टळला नाही!

आज दुपारी मावशीचा फोन. डेंग्यूचा चौथा दिवस, सकाळपासून ताप नाही, म्हणून उद्याची रक्ततपासणी तिला रद्द करायची होती. कुणाच्या सांगण्यावरून? तर सगळीकडे फिरणाऱ्या त्या मेसेजच्या! 'डेंग्यूचा डास गुडघ्याच्या वर उडत नाही, पायांना खोबरेल तेल लावा. तो घाण पाण्यातच वाढतो. पपईच्या पानांच्या रसाने प्लेटलेट वाढतात. ताप उतरला की धोका टळला.'

शेवटचं वाक्य जिवावर बेतणारं आहे, म्हणून आधी तेच. डेंग्यूत ताप बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान उतरतो आणि त्याच सुमाराचे 24 ते 48 तास सर्वांत जोखमीचे असतात. काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून याच वेळी द्रव पाझरतो, रक्त दाट होतं, रक्तदाब कोसळू शकतो. हातपाय गार लागतात आणि घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे! जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शिकेत धोक्याच्या खुणा दिल्या आहेत: पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, बेचैनी. यातली एक जरी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठा.

पपईच्या रसाने प्लेटलेट जरा लवकर वाढल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, एवढं मान्य. पण आजार ओसरताना त्या आपोआपही वाढतात, आणि पाझरणारा द्रव या रसाने थांबतो असं कुणी दाखवलेलं नाही. मळमळणाऱ्या माणसाला तो कडू रस कशाला? घोट घोट ओआरएस द्या. तापावर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन अजिबात नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

गुडघ्याचं म्हणाल तर हा एडिस डास पायांना जास्त चावतो हे खरं, पण तो उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांवरही सापडतो. आणि चावतो मुख्यतः दिवसा.

राहिलं घाण पाणी. मावशीकडे पोहोचल्यावर फ्रिजमागचा ट्रे ओढला. पाणी नितळ, त्यात अळ्या वळवळताहेत. अंडी पाण्याच्या जरा वर, कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, दर आठवड्याला कडा घासावी लागते. ट्रे ब्रशने खसाखसा घासला.

तपासणी रद्द केलेली नाही. सकाळी दोघी जातोय.