वीट

राउटरने विचारलं, 'नवीन फर्मवेअर आलं आहे, घालू का?' मी बेसावधपणे 'होय' दाबलं. त्यानंतर जी सूचना आली, ती खरं तर आधी यायला हवी होती: 'काम संपेपर्यंत वीजपुरवठा बंद पडू देऊ नये.'

जणू वीज मला विचारून जाते!

इतक्यात आई इस्त्री घेऊन आली आणि तिने थेट राउटरच्याच प्लगला हात घातला. मी किंचाळलो.

"एवढं काय झालं?"

"फर्मवेअर बदलतंय!"

"ते काय असतं?"

"आई, ड्रम फिरत असताना वॉशिंग मशीन दार उघडू देत नाही ना? ते तिला रोज कुणी सांगत नाही. कारखान्यातच तिच्या चिपमध्ये भरून दिलेलं असतं. वीज गेली तरी पुसलं जात नाही."

"म्हणजे संस्कार."

"हो, संस्कारच. राउटरचे बदलतोय."

"या वयात?"

राउटर सहा वर्षांचा होता. प्रश्न रास्तच होता.

तेवढ्यात आकडा ४३ टक्क्यांवर अडकला. आमचा राउटर जुन्या वळणाचा. जुनं आधी पुसायचं, मग त्याच जागी नवं लिहायचं. मध्येच वीज गेली तर त्याला जागं कसं व्हायचं हेही आठवणार नाही. अशा उपकरणाला जाणकार 'ब्रिक' म्हणतात. म्हणजे वीट. मला वीट यायला लागला होता.

मदत शोधावी तर माहितीपत्रकात लिहिलेलं, 'अडचण आल्यास आमच्या वेबसाइटला भेट द्या.' वेबसाइटला जायचा रस्ता राउटरमधून. मोबाइलचा डेटा दुपारीच संपलेला.

बसलो प्लगवर पहारा देत. 'फर्मवेअर' हा शब्द १९६७ साली ॲशर ओप्लर या संगणकतज्ज्ञांनी रूढ केला. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधलं, म्हणून 'फर्म', म्हणजे घट्टसर. पुढे काही चिपांच्या डोक्यावर चक्क एक पारदर्शक खिडकी असे. जुना मजकूर पुसायचा तर चिप काढून पंधरा-वीस मिनिटं अतिनील दिव्याखाली ठेवायची. निदान मधेच कुणी इस्त्री घेऊन येत नसेल.

अपडेट काही हौस म्हणून करायचं नसतं. २०१६ साली 'मिराई' नावाच्या किड्याने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने, घराघरांतले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या वेबसाइट आडव्या केल्या. तो शिरला कसा? कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी तसेच ठेवले होते. मी मात्र माझा बदलला होता. तरी फर्मवेअरमधली भोकं बुजवायला अपडेटच लागतं.

पाऊण तासाने सगळे दिवे विझले. मीही विझलो. मग एकेक करत ते हिरवे झाले.

धावत जाऊन फोन जोडला. पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा. राउटर उलटा करून तळाच्या चिकटपट्टीवरचा बारीक अक्षरातला कारखान्याचा पासवर्ड टाकला, तर लगेच जोडला गेला.

"झाले संस्कार?" आईने विचारलं.

"झाले. पण आपलं सगळं विसरला."

"बघ, पहिले घरचेच विसरला," म्हणत तिने इस्त्रीचा प्लग लावला.